एक वाडा, निरनिराळी बालपणे



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा लढायांविषयी बोलतो. मला आज मुलांविषयी बोलावयाचे आहे. मात्र ती मुले पेशव्यांच्या घरातील असल्यामुळे लढाया अधूनमधून येतीलच. एकाच आईबापांच्या पोटी, एकाच छपराखाली वाढलेली भावंडे इतकी निराळी का निपजतात? त्यांतील एक खंबीर राहते आणि दुसरे मनाने खचते, याचे कारण काय? हा प्रश्न तुमच्याआमच्या प्रत्येक घरात विचारला जातो. "दोघांना सारखेच खाऊपिऊ घातले, सारखेच शिकविले, मग हा असा आणि तो तसा का?" असे म्हणत कपाळाला हात लावणारी माउली आपण सर्वांनी पाहिलेली आहे. या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून संपूर्णपणे मिळेल असे नाही. पण इतिहासाजवळ एक सोय असते. आपल्या घरातील मुले आपण फार जवळून पाहतो आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलांचे सगळे आयुष्य, पाळण्यापासून शेवटापर्यंत, एका दृष्टिक्षेपात पाहता येते.

पेशव्यांचे घराणे मी मुद्दाम निवडले. एक तर त्या घरातील मुलांच्या जन्ममृत्यूंचे सन आपल्याला ठाऊक आहेत. कोणत्या वर्षी कोणावर काय ओढवले हे सांगता येते. दुसरे असे की या कथेतील बरीचशी ठिकाणे आपल्या आसपासची आहेत. आपल्या मोसमकाठचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधावयास घेतला तो १७४० साली, आणि त्याच सालच्या एप्रिलमध्ये थोरले बाजीराव रावेरखेडीस नर्मदातीरी वारले. आपली कथा तेथूनच सुरू होते.

बाजीराव गेले तेव्हा घरात दोन मुले अशी होती की जी एकाच साली, म्हणजे १७३४ साली, जन्मली होती. एक काशीबाईंचा रघुनाथ, दुसरा मस्तानीचा कृष्णराव ऊर्फ समशेरबहाद्दर. बाप एक, वय एक, आणि सहा वर्षे पुरी होण्याच्या आत पितृवियोगही दोघांना एकच. परंतु येथे सारखेपणा संपला. रघुनाथाची मुंज झाली. समशेरची मुंज करावयास पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला. शिवाय त्याची आईही त्याच साली गेली. काशीबाईंनी त्या पोराला जवळ केले असे सांगतात, आणि ते खरे असेल तर त्या बाईच्या मनाचा मोठेपणा इतिहासाने याहून अधिक सांगावयास हवा होता. समशेरबहाद्दर पेशव्यांच्या फौजेत वाढला, भावांच्या बरोबरीने मोहिमांवर गेला आणि १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन त्यातच मरण पावला. ज्याला घराने अर्धेच आत घेतले होते, त्याने त्या घरासाठी प्राण दिले. ज्याला घराने पुरते आत घेतले होते, त्या रघुनाथरावाच्या हातून त्या घराचे काय झाले हे आपण पुढे पाहणारच आहोत. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की हालअपेष्टांनी माणूस चांगला होतो आणि लाडाने बिघडतो. श्रोतेहो, इतक्या घाईने निष्कर्ष काढू नये. पुढची पिढी पाहिली की हे सोपे सूत्र टिकत नाही.

नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे तीन मुलगे हाताशी आले. विश्वासराव १७४२ चे, माधवराव १७४५ चे आणि नारायणराव १७५५ चे. थोरल्या दोघांत तीन वर्षांचे अंतर, पण धाकट्यात आणि मधल्यात दहा वर्षांचे. या दहा वर्षांकडे आपण नीट लक्ष द्यावे, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा आधार तेच अंतर आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. विश्वासराव अठराव्या वर्षी रणात पडले. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले. पाचसहा महिन्यांत घरातील थोरला मुलगा, चुलता भाऊसाहेब आणि स्वतः कर्ता पुरुष गेला. संकट एकच, ते एकाच वाड्यावर कोसळले. पण त्या वाड्यात त्या वेळी एक मुलगा सोळा वर्षांचा होता आणि दुसरा सहाही पुरा नव्हता. संकट एक असले तरी त्या दोघांना ते एकच होते काय?

माधवरावाने वडिलांचे वैभव पाहिले होते. उदगीरच्या विजयाचे दिवस त्याला आठवत होते. आईबापांच्या छायेत सोळा वर्षे राहण्याचे, दरबार कसा चालतो हे बाजूला बसून पाहण्याचे भाग्य त्याला मिळाले होते. घाव बसला तेव्हा त्याच्या हाती लगोलग काम आले. २० जुलैला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आली. दुःखाला वाट मिळाली ती कर्तव्यातून. पुढे काका रघुनाथरावाशी तंटा लागला, १७६२ साली आळेगावावर या सतरा वर्षांच्या मुलाला काकांपुढे नमते घ्यावे लागले, आणि वर्षभरातच राक्षसभुवनावर निजामाचा पराभव करून त्याने आपले कर्तेपण सिद्ध केले. त्याचा स्वभाव तापट होता, शिस्त कडक होती. तरी प्रत्येक अपयशानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ त्याच्यात होते, आणि ते बळ कोठून आले याचा शोध घेताना त्याची पहिली सोळा वर्षे विसरून चालणार नाही.

आता नारायणरावाकडे पाहू. ज्या वयात मूल बापाचे बोट धरून बाहेर पडते, त्या वयात त्याचा बाप गेला. वडिलांची आठवण म्हणजे बहुधा शेवटच्या दिवसांतील खचलेला, पानिपताच्या वार्तेने पोखरलेला माणूस. आई उरली, पण माधवराव आणि गोपिकाबाई यांच्यात बेबनाव होऊन ती पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरास गोदेच्या काठी येऊन राहिली. आई जिवंत असून दूर, अशी त्या मुलाची अवस्था झाली. राहिला थोरला भाऊ. तोच बाप, तोच धनी, तोच गुरू. आणि हा भाऊ वर्षाचे कितीतरी महिने कर्नाटकात नाहीतर निजामावर मोहिमेत. घरी आला की काकाशी वितुष्ट.

१७६८ च्या जूनमध्ये आपल्या या भागात, चांदवडजवळच्या धोडपच्या किल्ल्यापाशी, माधवरावाने रघुनाथरावाचा पराभव केला आणि त्याला आणून शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. माधवराव त्या वेळी तेवीस वर्षांचा. त्याच्या दृष्टीने हा राज्यकारभारातील एक कटू पण आवश्यक निर्णय होता. नारायणराव तेराव्या वर्षात होता. त्याच्या दृष्टीने काय होते? ज्या वाड्यात आपण झोपतो त्याच वाड्यात आपला सख्खा काका पहाऱ्यात आहे. त्याच्याशी बोलावे की नाही? त्याच्यावर प्रेम करावे की त्याची भीती बाळगावी? घरातील वडील माणसे एकमेकांचे वैरी आहेत ही जाणीव मोठ्या माणसाला दुःख देते, पण लहान मुलाची ती पायाखालची जमीनच काढून घेते.

दोन वर्षांनी, १७७० साली, निजगलच्या वेढ्यात नारायणराव भावाबरोबर होता आणि तेथे तो जखमी झाला. म्हणजे मुलगा भित्रा नव्हता. त्याच्याविषयी इतिहासात दोन्ही प्रकारचे उल्लेख सापडतात. एकीकडे तो उतावळा, चटकन संतापणारा, कारभाऱ्यांना तोडून बोलणारा. दुसरीकडे आप्तांवर माया करणारा आणि नोकरचाकरांशी सौजन्याने वागणारा. हे दोन्ही खरे असू शकते. पुढे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने वारला. वहिनी रमाबाई सती गेली. सतरा वर्षांच्या नारायणाला दुसऱ्यांदा पितृवियोग झाला असे म्हटले तर वावगे होणार नाही. त्यानंतर वस्त्रे आली. माधवरावालाही वस्त्रे कोवळ्या वयातच मिळाली होती, पण त्याची तुलना कोणाशी करावयाची? थोरला भाऊ रणात पडलेला, त्याला राज्य करण्याची संधीच मिळाली नव्हती. नारायणाच्या वाट्याला मात्र पेशवाईतील सर्वांत कर्तबगार पुरुषांपैकी एकाची गादी आली. जो तो त्याला त्या मापाने मोजू लागला. आजही आपण "थोरले माधवराव" म्हणतो तेव्हा नकळत तेच माप हाती घेतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी शनिवारवाड्यात त्याचा खून केला. तो नुकताच अठरा वर्षांचा झाला होता. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरविले ही गोष्ट शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की ज्याचा घात झाला आणि ज्याच्यावर घाताचा ठपका आला, त्या दोघांचेही वडील त्यांच्या वयाच्या सहाव्या वर्षी गेले होते. दोघेही कर्तबगार थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेले धाकटे भाऊ. कारण सारखे असले म्हणजे फळ सारखेच येते असे नाही, हेच यातून दिसते.

आणि गंगापुरास बसलेल्या त्या आईचा विचार करा. तिचे तिन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. १७८८ साली नाशिकास तिचा अंत झाला. तत्पूर्वी तिने आपल्या नातवाला, सवाई माधवरावाला, वागणुकीचा उपदेश करणारे पत्र पाठविले. दिनचर्या, अभ्यास, वडील माणसांचा मान यांचे नियम त्यात आहेत. मुले वाढविताना जे हातून निसटले ते नातवाच्या बाबतीत पत्राने तरी सांधावे, असे त्या म्हातारीला वाटले असेल काय? हे माझे अनुमान आहे. कागद एवढेच सांगतो की तिने लिहिले.

हा नातू म्हणजे नारायणरावाचा मुलगा. बापाच्या खुनानंतर १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मला आणि चाळिसाव्या दिवशी पेशवा झाला. तीन वर्षांचा असताना आई गंगाबाई वारली. त्याला भावंड नव्हते. नाना फडणविसांच्या कडक नजरेखाली तो वाढला. त्याच वेळी रघुनाथरावाची मुले दुसऱ्या प्रकारच्या कैदेत वाढत होती. दत्तक घेतलेला अमृतराव वयाने थोरला. दुसरा बाजीराव १७७५ च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात जन्मला, तेव्हा बाप परागंदा होता. चिमाजी अप्पा तर १७८३ साली कोपरगावास बाप वारल्यानंतर, पुढल्या वर्षी जन्मला. आई आनंदीबाई आणि ही मुले कोपरगाव, नाशिकजवळचे आनंदवल्ली अशी पहाऱ्यात राहिली. आई गेल्यावर मुलांची रवानगी जुन्नरास शिवनेरीवर झाली.

ग्रँट डफने एक हकीकत दिली आहे ती मला फार बोलकी वाटते. जुन्नरच्या कैदेतून बाजीरावाने पुण्याच्या सवाई माधवरावाशी गुप्तपणे पत्रव्यवहार सुरू केला. आशय असा की आपण दोघेही बंदिवान आहोत, पण मनाला कोणी बंदी घालू शकत नाही. दोघे जवळजवळ एका वयाचे, दोघांनाही समवयस्क सोबती नाही. नानांना ते कळले आणि त्यांनी तरुण पेशव्याची कडक शब्दांत कानउघाडणी केली. त्यानंतर सवाई माधवराव उदास राहू लागला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी तो शनिवारवाड्यातील सज्जावरून खाली पडला आणि दोन दिवसांनी वारला. तापाच्या भरात तोल गेला असे काही म्हणतात, जीव दिला असे काही म्हणतात. इतिहासकाराने वैद्य होऊ नये, म्हणून मी निवाडा देत नाही. परंतु एकवीस वर्षांच्या त्या मुलाजवळ मनातले बोलावयास बरोबरीचे कोणी नव्हते, एवढे निश्चित.

मग १७९६ साली राजकारणाने त्या तीन भावांचीच आपसांत अदलाबदल सुरू केली. प्रथम धाकट्या चिमाजीला यशोदाबाईच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले, बाजीराव पहाऱ्यातच. काही महिन्यांनी फासा उलटला आणि डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. १८०२ साली यशवंतराव होळकराने पुणे घेतले तेव्हा अमृतरावाच्या घराण्याला पुढे करण्यात आले. बाजीराव पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईचा तह केला. भाऊ म्हणजे आधार नव्हे, भाऊ म्हणजे आपल्या जागी बसविता येण्याजोगा माणूस, हा धडा बाजीरावाला जन्मापासून मिळत आला होता. तो आयुष्यभर कोणावर विश्वास ठेवू शकला नाही याचे सगळे खापर त्याच्या स्वभावावर फोडणे मला तरी न्याय्य वाटत नाही. त्याच्या दोषांची किंमत सगळ्या राज्याने दिली, हे मात्र तितकेच खरे. जून १८१८ मध्ये तो मालकमच्या स्वाधीन झाला आणि त्याच महिन्यात, अरब शिबंदीने चिवटपणे लढविलेला आपला मालेगावचा किल्लाही इंग्रजांच्या हाती पडला.

मंडळी, आता इतिहास थोडा बाजूला ठेवू आणि शास्त्र काय म्हणते ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या आल्फ्रेड आडलरने थोरला, मधला, धाकटा या क्रमाला स्वभावाच्या घडणीत महत्त्व दिले. ते मत फार लोकप्रिय झाले, परंतु नुसत्या क्रमावरून मनुष्याचा स्वभाव सांगता येत नाही असे पुढील संशोधनात आढळून आले. १९८७ साली रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एक निबंध प्रसिद्ध करून निराळाच मुद्दा मांडला. भावंडांत जे साम्य असते ते बरेचसे रक्तातून आलेले असते. आणि घर एक असल्यामुळे मुले एकसारखी होतात असे मात्र फारसे दिसत नाही. प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलेला वेगळा अनुभव त्यांना वेगळे करतो. ज्यूडी डन या बाईंनी इंग्लंडात केंब्रिज येथे चाळीस कुटुंबांत दुसरे मूल जन्मल्यावर काय काय घडते याचे बारकाईने निरीक्षण केले होते. अगदी लहान मूलदेखील आई आपल्या भावंडाशी कशी वागते यावर डोळा ठेवून असते, हे त्यांच्या कामातून पुढे आले.

येथेही सावधगिरी हवी. २००० साली टर्कहायमर आणि वॉल्ड्रन यांनी तोवरचे संशोधन एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की आईबापांची वागणूक, मित्र, वयातील अंतर अशी जी जी कारणे मोजता आली, त्या प्रत्येकाने भावंडांतील फरकाचा अगदी थोडाच भाग उलगडतो. म्हणजे बाकी पुष्कळसे यदृच्छेवर, न मोजता येणाऱ्या लहानमोठ्या प्रसंगांवर अवलंबून असावे. म्हणून नारायणरावाचे वडील लवकर गेले एवढ्यावरून त्याचा स्वभाव असा झाला, असे गणित मांडू नये. समशेरबहाद्दराची गोष्ट मी आरंभी सांगितली ती याचसाठी.

मात्र एक गोष्ट आपल्या हातची आहे, आणि तीही संशोधनातून आलेली आहे. १९९७ साली कोवल आणि क्रेमर या दोघींनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारले की आईबाप तुमच्यात भेद करतात काय? आणि करीत असतील तर का करतात? भेद दिसला तरी त्याचे कारण मुलांना उमगले होते तेथे बहुतेकांना तो अन्याय वाटला नाही. "तो आजारी असतो", "ती लहान आहे" असे कारण मुले स्वतःच देत होती. भेद अन्यायाचा वाटला की मग मात्र भावंडांचे नाते कडवट होत होते. तेव्हा सगळ्यांना तंतोतंत सारखे वागविण्याचा अट्टहास नको, तो साधतही नाही. जे वेगळे वागविणे भाग आहे त्याचे कारण मुलाला कळू द्या, एवढेच मागणे आहे.

आपल्या गावात हे मागणे किती निकडीचे आहे ते मी काय सांगावे? यंत्रमागाच्या या नगरीत अशी घरे थोडी नाहीत की ज्यांत थोरला लवकर शाळा सोडून मागावर उभा राहिला, मुलगी कांड्या भरू लागली आणि धाकटा कॉलेजात गेला. धाकट्याच्या फीमध्ये थोरल्याच्या रात्रपाळीचे पैसे असतात. हे त्या घरात कधी कोणी मोकळेपणाने बोलले आहे काय? २०२० साली करोनाच्या दिवसांत माग थांबले, गावावर फार कठीण वेळ आली. एकाच घरातील सोळा वर्षांच्या मुलाने ते दिवस अनुभवले आणि पाच वर्षांच्या मुलीनेही अनुभवले. थोरल्याला बापाची काळजी समजत होती. धाकटीला फक्त एवढेच कळत होते की घरातील कोणी हसत नाही. पानिपतानंतरच्या त्या वाड्यातही असेच दोन वयांचे दोघे होते. आपण मोठ्या मुलाला धीर देतो, कारण तो विचारतो. लहान विचारीत नाही, म्हणून त्याला काही झाले नाही असे आपण धरून चालतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. "तुझा भाऊ बघ" हे वाक्य घरातून हद्दपार करावे, कारण त्या वाक्याने कोणीही माधवराव झालेला नाही. आणि दिवसातून थोडा वेळ तरी प्रत्येक मुलाशी, भावंडे जवळ नसताना, एकट्याने बोलावे. मूल गप्प राहू लागले, झोप उडाली, अभ्यासातून वा खेळातून त्याचे मन उठले, तर त्याला रागावण्याआधी जाणत्याचा सल्ला घ्यावा. २०२२ सालच्या ऑक्टोबरपासून सरकारने टेली-मानस नावाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. सवाई माधवरावाला बोलावयास कोणी नव्हते. आपल्या मुलांच्या बाबतीत तसे म्हणावयाची पाळी येऊ नये.

आपल्या किल्ल्याच्या तटांच्या आत आज शाळा भरते. जेथे एके काळी तोफांचा आवाज घुमला तेथे मधल्या सुटीत मुलांचा गलका होतो. त्या गलक्यात कितीतरी जोड्या सख्ख्या भावंडांच्या असतील, एकाच घरातून एकाच रस्त्याने आलेल्या. संध्याकाळी ती घरी परततील तेव्हा त्यांतील प्रत्येकाला "आज तुझा दिवस कसा गेला?" असे निरनिराळे विचारावे. उत्तरे निरनिराळी येतील. ती दोन्ही ऐकून घ्यावीत, एवढीच विनंती.